सिनेमा संथ वाटला, तर आधी प्रत तपासावी

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. अभिजात म्हणून नावाजलेले चित्रपट पाहायला बसले की ते संथ आणि जुनाट वाटतात, अर्ध्यावर सोडावे लागतात, तर यात उणीव पाहणाऱ्याची की चित्रपटाची, हा पहिला प्रश्न. आणि ज्यांची नावे सहसा कुठल्या यादीत सापडत नाहीत असे चांगले चित्रपट शोधायचे कसे, हा दुसरा. फिल्म सोसायट्यांसाठी चित्रपट निवडणे, आलेली प्रत रीळ उलगडून तपासणे आणि खेळ संपल्यावर प्रेक्षकांची बोलणी ऐकून घेणे, हे गेली तीसेक वर्षे माझे काम राहिले आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की दोन्ही प्रश्नांचे उत्तर बरेचसे एकाच ठिकाणी आहे. चित्रपट नावारूपाला येतो किंवा विस्मरणात जातो तो स्वतःच्या गुणांमुळे जितका, जवळजवळ तितकाच त्याच्या प्रतीच्या नशिबामुळे. आणि ज्याला आपण चित्रपटाचा संथपणा म्हणतो तोही पुष्कळदा आपल्यापुढे आलेल्या प्रतीचा दोष असतो.

'अभिजात' आणि 'उपेक्षित' असे चित्रपटांचे दोन वेगळे गट आहेत, ही समजूत आधी दूर केलेली बरी. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार यांचा 'द रूल्स ऑफ द गेम' १९३९ च्या जुलैत पॅरिसमध्ये प्रदर्शित झाला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. रेन्वार यांनी घाबरून कात्री चालवली, तरी काही उपयोग झाला नाही, आणि काही महिन्यांतच समाजाचे मनोबल खचवणारा म्हणून त्यावर बंदी आली. पुढे १९४२ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात त्याची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. म्हणजे तीन वर्षांत हा चित्रपट नाकारला गेला, कापला गेला, बंद पडला आणि जळालाही. युद्धानंतर ज्याँ गाबोरी आणि जाक द्यूराँ या दोघांनी ठिकठिकाणचे उरलेसुरले तुकडे जमवले आणि रेन्वार यांच्या संमतीने १०६ मिनिटांची प्रत जुळवून १९५९ मध्ये ती लोकांपुढे आणली. आज ज्याची थोरवी सांगितली जाते तो चित्रपट ही जुळवलेली प्रत आहे. त्या दोघांनी ते डबे उघडून पाहिले नसते, तर रेन्वार यांची प्रतिभा तेवढीच राहिली असती, पण तिचा हा पुरावा उरला नसता.

हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो'ची गोष्ट याहून सौम्य आहे. १९५८ मध्ये त्याचे स्वागत कोमटच झाले. शिवाय ज्या पाच चित्रपटांचे हक्क स्वतः हिचकॉक यांच्याकडे होते त्यांत हा एक असल्याने तो दशकभर वितरणाबाहेर राहिला आणि त्यांच्या निधनानंतर, १९८३-८४ च्या सुमारास, पुन्हा पडद्यावर आला. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश नियतकालिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. त्यात १९६२ पासून पाच वेळा पहिला आलेल्या 'सिटिझन केन'ला २०१२ मध्ये याच 'व्हर्टिगो'ने खाली खेचले, आणि २०२२ मध्ये शान्ताल अकरमान यांच्या १९७५ च्या 'जान दिलमान'ने 'व्हर्टिगो'ला. हा २०१ मिनिटांचा चित्रपट दहा वर्षांपूर्वी त्याच कौलात पहिल्या दहांतही नव्हता. दहा वर्षांत चित्रपटाची एक चौकटही (फ्रेम) बदललेली नव्हती. बदलले होते ते कौल देणारे आणि तो पाहायला मिळण्याची सोय. म्हणून याद्या जरूर वाचाव्यात, परंतु रेल्वेच्या वेळापत्रकासारख्या वाचाव्यात: पुढच्या आवृत्तीत बदल होणार हे गृहीत धरून.

उपेक्षेची कारणे किती क्षुल्लक असू शकतात, याचे मला सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण म्हणजे चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप'. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात, कत्तलखान्यात काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय गृहस्थाच्या रोजच्या जगण्यावरचा हा चित्रपट बर्नेट यांनी विद्यापीठातील प्रबंध म्हणून, शनिवार-रविवार चित्रीकरण करत, दहा हजार डॉलरपेक्षाही कमी खर्चात तयार केला आणि १९७७ मध्ये सादर केला. त्यात त्यांनी आवडती गाणी मोकळ्या हाताने वापरली होती. विद्यार्थ्याच्या प्रबंधाला गाण्यांचे हक्क कोण विचारतो? पण चित्रपटगृहात लावायचे म्हटले की विचारतात, आणि म्हणून तो तीस वर्षे रीतसर प्रदर्शितच होऊ शकला नाही. २००७ मध्ये १६ मिलिमीटर रुंदीच्या फितीवरून ३५ मिलिमीटरच्या फितीवर त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि गाण्यांच्या हक्कांसाठी दीड लाख डॉलर मोजावे लागले, म्हणजे निर्मितीखर्चाच्या पंधरा पटींहून अधिक. त्यात एक प्रसंग आहे. दोन मित्र जुन्या मोटारीचे इंजिन विकत घेतात, जिन्यावरून घामाघूम होत खाली आणतात, ट्रकच्या मागच्या कडेवर कसेबसे ठेवतात. ट्रक सुरू होतो आणि इंजिन रस्त्यावर पडून निकामी होते. कोणी रडत नाही, कोणी भाषण देत नाही. दूर जाणाऱ्या ट्रकमधून आपल्याला रस्त्यावर पडलेले ते धूड लहान होत जाताना दिसते. गरिबीवरचे किती तरी बोलके चित्रपट मी यानंतर पाहिले, पण या इंजिनाइतके वजन फार थोड्यांत आढळले.

उलटा प्रकारही घडतो. फ्रँक काप्रा यांचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' १९४६ मध्ये तिकीट खिडकीवर अपेक्षेइतका चालला नव्हता. अठ्ठावीस वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करायचे राहून गेले, तो जवळजवळ फुकट मिळू लागला म्हणून अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्रे दर नाताळात तो लावू लागली, आणि त्यातून तो घराघरांतला झाला. एक चित्रपट हक्कांच्या कागदामुळे अडकला, दुसरा त्याच कागदाच्या विसराळूपणामुळे तरला. ऋत्विक घटक यांचा पहिला पूर्ण चित्रपट 'नागरिक' १९५२ मध्ये तयार झाला आणि १९७७ मध्ये, ते गेल्यानंतर, प्रदर्शित झाला. वेळेवर आला असता तर भारतीय चित्रपटाच्या इतिहासाची सनावळी थोडी वेगळी लिहावी लागली असती, असे मानणारे पुष्कळ आहेत आणि मी त्यांच्यापैकी एक आहे.

मूकपटांच्या बाबतीत तर 'उपेक्षित' हा शब्दही चैनीचा वाटतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिथल्या सुमारे अकरा हजार मूक कथापटांपैकी जेमतेम १४ टक्केच मूळ स्वरूपात पूर्ण शिल्लक आहेत. त्या काळी चित्रपट ज्या फितीवर असत ती नायट्रेट फिल्म भडकन पेट घेते आणि पेटली की विझवता येत नाही. जी जळाली नाही ती डब्यातच चिकट होऊन तिची पूड झाली, आणि बरीचशी तर बोलपट आल्यावर निरुपयोगी म्हणून फेकून दिली गेली. कार्ल ड्रायर यांच्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८) ची मूळ निगेटिव्ह आगीत गेली, वगळलेल्या शॉटांतून त्यांनी नवी जुळवली तर तीही पुढच्याच वर्षी आगीत गेली. मग १९८१ मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयातील कपाटात मूळ आवृत्तीची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. ती तिथे का गेली, हे कोडे मला चित्रपटाइतकेच खिळवून ठेवते.

आता आपल्या कंटाळ्याकडे येतो. मूकपट हाताने फिरवण्याच्या कॅमेऱ्यावर साधारण सेकंदाला १६ ते २२ चौकटी या गतीने टिपले जात, आणि बोलपटाबरोबर २४ चौकटींची गती कायम झाली. १८ च्या गतीने टिपलेला ९० मिनिटांचा मूकपट २४ च्या गतीने दाखवला तर तो ६८ मिनिटांच्या आतच संपतो आणि त्यातली माणसे तुरुतुरु धावू लागतात. मूकपट म्हणजे विनोदी लगबग, हा समज बहुतांशी या चुकीच्या गतीचे अपत्य आहे. पडद्याच्या आकाराचेही तसेच. १९५३ पूर्वीचे बहुतेक बोलपट १.३७ : १ (रुंदी : उंची) या जवळजवळ चौकोनी आकारात आहेत. आजच्या रुंद पडद्यावर ते 'भरून' दाखवण्यासाठी वरखाली छाटले की चौकटीच्या उंचीचा जवळजवळ पाव भाग नाहीसा होतो: कपाळे जातात, छत जाते, आणि पात्रांच्या डोक्यावरची जी रिकामी जागा दिग्दर्शकाने मुद्दाम सोडलेली असते ती जाते.

याच्या उलट, गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, चित्रपट. जुन्या चौकोनी दूरचित्रवाणीवर तो बाजूंनी छाटून दाखवला जाई तेव्हा त्याची दोन पंचमांशाहून अधिक रुंदी बाहेर जाई. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी सूर्यप्रकाश परावर्तित करून रिकाम्या स्टुडिओत जो प्रकाशझोत उतरवला, त्याच्यामुळे त्यातले 'वक्त ने किया' हे गाणे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या दृश्याचा जीव झोतात जितका आहे तितकाच दोन माणसांच्या मधल्या त्या अफाट रिकाम्या जागेत आहे. जागाच कापली तर उरतो तो फक्त सुंदर उजेड. हा चित्रपट तेव्हा पडला, गुरुदत्त यांनी यानंतर दिग्दर्शक म्हणून आपले नाव लावले नाही. पुढे तो नावाजला गेला तेव्हाही असंख्य लोकांनी पाहिला तो निम्माच.

लांबीबद्दलही असेच म्हणता येते. फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' १९२७ मध्ये बर्लिनला पूर्ण दाखवला गेला आणि लगेच कापला गेला. मग ऐंशी वर्षे समीक्षक लिहीत राहिले की दृश्ये अद्भुत, पण कथानक विस्कळीत. २००८ मध्ये ब्युनॉस आयर्समधील चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरवर उतरवलेली, ओरखड्यांनी भरलेली, पण जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. तिच्यातून सुमारे २५ मिनिटे परत आली आणि दुय्यम पात्रांची अख्खी उपकथा तिच्यासोबत आली. विस्कळीतपणा लांग यांचा नव्हता, कात्रीचा होता.

मी स्वतःही या पापातून सुटलेलो नाही. हजार फुटांचे रीळ साधारण अकरा मिनिटे चालते आणि जुन्या प्रतींवर रिळांचे क्रमांक पुसट झालेले असतात. एका खेळाला आमच्याच हातून चौथे आणि पाचवे रीळ उलटसुलट लागले. खेळानंतरच्या चर्चेत दोन सदस्यांनी दिग्दर्शकाच्या कालक्रम मोडण्याच्या धाडसाचे मनापासून कौतुक केले, आणि मी खाली मान घालून बसलो. तेव्हापासून प्रत आली की मी आधी तिची लांबी मोजतो आणि मूळ लांबीशी ताडून पाहतो. आपण घरी पाहतानाही हे करू शकता: प्रदर्शनाच्या वेळची लांबी आणि समोरच्या प्रतीची लांबी यांची तुलना करावी. शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांचा दिसला तर घाबरू नये, तो सेकंदाला २५ चौकटींच्या दूरचित्रवाणी गतीने उतरवलेला असतो. पण वीस मिनिटे कमी असतील तर दुसरी प्रत शोधावी. आणि दूरचित्रवाणी संचातील हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करावी. ती चौकटींच्या मध्ये स्वतःच्या कल्पनेने नव्या चौकटी घुसडते आणि उत्तमातला उत्तम चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो.

शोधण्याविषयी माझा अनुभव असा की दिग्दर्शकांच्या नावांमागे सगळेच जातात. छायालेखक, पटकथाकार, नट यांचा माग काढला तर अनपेक्षित ठिकाणी पोहोचता येते. स्टॅन्ली कोर्टेझ यांचेच पाहा. ऑर्सन वेल्स यांच्या 'द मॅग्निफिसंट अँबर्सन्स' (१९४२) चे ते छायालेखक. वेल्स ब्राझीलला असताना स्टुडिओने १३१ मिनिटांचा तो चित्रपट ८८ मिनिटांवर आणला आणि कापलेला भाग नष्ट केला. कोर्टेझ यांचा माग काढत पुढे गेले की १९५५ च्या 'द नाइट ऑफ द हंटर'शी गाठ पडते. चार्ल्स लॉटन या थोर नटाने दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. तो चालला नाही, समीक्षकांनीही हात दिला नाही, आणि १९६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत लॉटन यांनी दुसरा चित्रपट दिग्दर्शित केला नाही. खुनी धर्मोपदेशकापासून जीव वाचवत दोन लहान मुले रात्री होडीतून नदीत निसटतात, आणि अचानक चित्रपट भयकथेतून अंगाईत शिरतो. काठावरचे कोळ्याचे जाळे, बेडूक, ससे पडद्यावर मुलांपेक्षा मोठे दिसतात आणि मागे होडी हळूच सरकत राहते. पुढे मुलाला क्षितिजावर घोडेस्वाराची काळी आकृती दिसते. स्टुडिओतच दूरचा भास निर्माण करण्यासाठी तिथे बुटक्या माणसाला तट्टावर बसवले होते. हे सगळे उघड खोटे आहे आणि त्यामुळेच मुलाच्या भीतीइतके खरे आहे. याच चित्रपटात दाराशी बंदूक घेऊन बसलेली वृद्धा म्हणजे लिलियन गिश. त्यांच्या नावाचा धागा धरला की आपण आपोआप मूकपटांत, 'द विंड' (१९२८) सारख्या कृतीपर्यंत जाऊन पोहोचतो.

मात्र विस्मृतीतून वर आलेले सगळेच थोर असते, असे मुळीच नाही. जुने ते सोने या म्हणीने फिल्म सोसायट्यांचे बरेच नुकसान केले आहे. मिखाईल कलातोझोव यांचा 'आय ॲम क्यूबा' (१९६४) सोव्हिएत संघात आणि क्यूबात दोन्हीकडे नापसंत ठरला आणि १९९० च्या दशकात कपोला आणि स्कोर्सेसी या अमेरिकी दिग्दर्शकांच्या पाठिंब्याने नव्याने गाजला. छायालेखक सर्गेई उरुसेव्स्की यांचा कॅमेरा त्यात अंत्ययात्रेवरून उंच चढतो, सिगार वळणाऱ्यांच्या दालनातून जातो आणि खिडकीतून बाहेर पडून गर्दीवर तरंगतो. श्वास रोखावा असा शॉट आहे. पण त्यातली माणसे भित्तिपत्रकांवरची आहेत, हे १९६४ मध्ये ज्यांनी म्हटले त्यांना मी चूक ठरवणार नाही.

प्रत उत्तम असूनही संथ वाटणारे चित्रपट असतात, हे मान्य करतो. तिथे मी दोन चित्रपट लागोपाठच्या संध्याकाळी, ठरावीक क्रमाने पाहायला सुचवतो. पहिला लिओ मॅकॅरी यांचा 'मेक वे फॉर टुमारो' (१९३७). घर बँकेकडे गेलेले म्हातारे जोडपे, पाच मुले, आणि दोघांनाही एकत्र ठेवून घेणारे कोणीच नाही, म्हणून दोघांची दोन घरी पाठवणी. सुखान्त करा, हा स्टुडिओचा आग्रह मॅकॅरी यांनी मानला नाही आणि चित्रपट पडला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या, विनोदी चित्रपटासाठी ऑस्कर स्वीकारताना त्यांनी आभार मानले आणि तुम्ही चुकीच्या चित्रपटाला पारितोषिक दिलेत, असे सांगून टाकले. यात सुनेच्या घरी ब्रिजचा वर्ग चालू असताना सासूबाईंना नवऱ्याचा दूरध्वनी येतो. ऐकू जावे म्हणून त्या ओरडून बोलतात. पाहुण्यांच्या खेळात व्यत्यय येतो, आधी लोक त्रासतात, मग एकेक जण गप्प होतो. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. थंडी वाजते का, गळपट्टा घालतोस ना, अशी चारचौघांतली विचारपूस चालते आणि खोलीभर पत्ते हातात धरून बसलेल्या माणसांना नजर कुठे ठेवावी ते कळत नाही. हा प्रसंग लहान केला असता तर विनोद झाला असता. तो लांबतो म्हणून लाज वाटायची पाळी आपल्यावर येते.

दुसरा जपानी दिग्दर्शक ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' (१९५३). त्यांचे सहलेखक कोगो नोदा यांनी मॅकॅरी यांचा चित्रपट पाहिलेला होता, आणि मुलांकडे आलेले आईवडील हेच बीज इथे दुसऱ्या मातीत रुजले. १३६ मिनिटांत कॅमेरा जवळजवळ हलतच नाही, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतक्या उंचीवर राहतो, आणि दोन प्रसंगांच्या मध्ये धुराडे, वाळत घातलेले कपडे किंवा रिकामी पडवी काही क्षण दिसून जाते. मॅकॅरी यांच्या ओरडणाऱ्या सासूबाई आदल्या संध्याकाळी मनात राहिलेल्या असल्या की ओझूंच्या पात्रांचे न बोलणे ऐकू येऊ लागते; म्हणून क्रम हाच ठेवावा. दोन्ही चित्रपटांत सत्तरीची वाटणारी पात्रे, तिथली आई ब्यूला बाँडी आणि इथले वडील चिशू र्यू, ही दोघे त्या वेळी पन्नाशीच्या आत होती. चित्रपट पाहून झाल्यावर शेवटचा प्रसंग पुन्हा एकदा लावून र्यू यांच्या पाठीकडे पाहावे: एकटे बसलेले, हातात पंखा, आणि बाहेर बंदरातून जाणाऱ्या नावेचा आवाज.